खूण आपल्याकडे

दोष आणि अपराध या दोन गोष्टी एक नव्हेत, हे कोणत्याही विचारी माणसाला मान्य असते. अपराधामागे हेतू असतो. दोष हेतूवाचूनही घडतो. परंतु मनुष्याच्या हातून असेही एखादे कर्म घडते, ज्यात हेतू निर्मळ असतो, नियम यथासांग पाळलेला असतो, श्रम प्रामाणिक असतात, आणि फळ मात्र समूळ विनाशाचे येते. अशा कर्माचे उत्तरदायित्व कुणाच्या पदरात घालावे? कर्त्याच्या पदरात घालावे तर अन्याय होतो. कुणाच्याच घालू नये, तर जे नष्ट झाले त्याची अवहेलना होते. ज्या लेकीची ही कथा आहे, तिला या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही. ते येथे मिळेल अशी अपेक्षा वाचकानेही ठेवू नये.

नगराच्या मधोमध, उतरत्या छपरांच्या दाटीतून वर आलेले ते कॅथीड्रल गॉथिक पद्धतीचे होते. या पद्धतीचे मर्म जाणायचे तर एकच गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: ते बांधणाऱ्यांना भिंत नको होती. त्यांच्या पूर्वजांनी जाड भिंतींवर गोल कमानींचे छत पेलले होते. ओझे सारे भिंतीवर, म्हणून भिंत जाड. भिंत जाड, म्हणून आत अंधार. पुढच्या लोकांनी कमान टोकदार केली, तेव्हा छताचा भार बाजूंना पसरण्याऐवजी पुष्कळसा सरळ खाली उतरू लागला. छताला त्यांनी दगडी फासळ्या दिल्या, आणि फासळ्यांनी तो भार वेचून मोजक्या खांबांवर आणून सोडला. एवढ्यावरही जो रेटा बाहेर निसटू पाहत होता, त्याला आवरण्यासाठी इमारतीच्या बाहेर दगडी बुरूज उभारले आणि त्यांतून अर्ध्या कमानी हवेत झेपावत आणून भिंतीच्या माथ्याला टेकवल्या. तोल जाणाऱ्या माणसाला दोन्ही अंगांनी आप्तांनी दंडाला धरावे, तशा. हे सगळे झाल्यावर भिंतीला काही कामच उरले नाही. मग त्यांनी ती काढून टाकली आणि तिच्या जागी काच बसवली.

हे काम एका पिढीचे नव्हते. पाया घालणाऱ्यांनी छत पाहिले नाही, छत घालणाऱ्यांनी मनोरे पाहिले नाहीत. एकदा दुष्काळात काम थांबले, एकदा साथीत. एकदा छताचा एक भाग खाली आला आणि त्याच्याबरोबर दोन भाऊ आले; त्यांच्या वडिलांनी तो भाग पुन्हा बांधला. एक मनोरा दुसऱ्याहून आखूड राहिला, तो राहिलाच. इतक्या पिढ्यांनी इतका दगड वर चढवला तो कशासाठी, असे कुणी विचारले की आबा म्हणत, "दगड हमाल आहे. मालक वर काचेत बसलाय."

आबा म्हणजे त्या लेकीचे वडील. कॅथीड्रलच्या काचेचे काम त्यांच्या घराण्याकडे होते, आणि आता ते लेकीकडे आले होते. ती अर्धे आयुष्य ओलांडलेली, केस पांढरे होऊ लागलेली बाई होती. कार्यशाळेत तिला सगळे ताई म्हणत. आबांची दृष्टी जवळजवळ गेली होती. उजेड आणि अंधार एवढाच भेद त्यांना उरला होता.

त्या काचेतली सर्वांत मोठी, दर्शनी भिंतीत उंचावर बसवलेली वर्तुळाकार खिडकी. लोक तिला गुलाब म्हणत. मध्ये एक लहान नेत्र, त्याभोवती बारा पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीत एक मुख. ही मुखे कुणाची याविषयी विद्वानांचे एकमत नव्हते. कुणी म्हणे संतांची, कुणी म्हणे बारा महिन्यांची. आबांच्या घरात मात्र अशी समजूत होती की ती बांधणाऱ्या कारागिरांच्या आयांची आहेत. सगळी मुखे सरळ समोर पाहणारी. पाकळ्यांचे निळे आणि तांबडे रंग काचेच्या अंगातच होते, ती वितळलेली असतानाच तिच्यात मिसळलेले. मुखे तशी नव्हती. ती फिकट काचेवर काळसर रंगाच्या रेघांनी काढून, भट्टीत भाजून पक्की केलेली होती. असा रंग काचेच्या आतल्या अंगाला असतो, कारण बाहेरच्या अंगाला पाऊस, ऊन आणि हिमाचा मार बसतो. आत तो शतके टिकतो. बाहेर त्याला माणसाचे एक आयुष्यही पुरे होते. म्हणून बाहेरचे अंग कोरे, आणि दर पिढीत घासून गुळगुळीत केलेले.

त्या घराण्यात कामाचा एक नियम होता. खिडकीतून काचेचे तावदान काढताना, जे अंग समोर असेल त्या अंगाला, कडेच्या शिशाच्या पट्टीवर खूण कोरायची. परत बसवताना ती खूण आपल्याकडे ठेवायची. खूण आपल्याकडे, एवढेच. काम नेहमी आतूनच होत असे. आतून काढायचे, आतूनच लावायचे, त्यामुळे या नियमाने कधी कुणाला दगा दिला नव्हता.

मग युद्ध आले. आबांना सैन्यात नेले. त्यांचे थोरले बंधू, ज्यांना आबा आयुष्यभर नुसते दादा म्हणत राहिले, एका पायाने अधू असल्यामुळे मागे राहिले. गुलाब वाचवण्याचे काम त्यांच्यावर आले. त्यांनी साऱ्या पाकळ्या काढल्या, प्रत्येकीच्या दोन्ही अंगांना खळीने कापड चिकटवले, आणि तळघरात पेंढ्यात नीट निजवून ठेवल्या. कॅथीड्रलवर बॉम्ब पडला नाही. तो पडला त्यांच्या गल्लीत.

आबा परतले तेव्हा घर नव्हते आणि दादा नव्हते. तळघरात पाकळ्या मात्र जशाच्या तशा होत्या, आणि शिशाच्या कडेवर दादांच्या हातच्या खुणा होत्या. आबांनी आत परांची बांधली आणि एकेक पाकळी वर नेली, खूण आपल्याकडे ठेवून. बसवल्यावर आतले कापड कोमट पाण्याने सोडवले. बाहेर परांची बांधायला त्या वर्षी लाकूडच नव्हते. बाहेरचे कापड पाऊस धुऊन नेईल म्हणून सोडून दिले. शेवटची, सर्वांत खालची पाकळी राहिली असता ते तापाने आडवे झाले, तेव्हा ती एका सुताराने लावली. त्यालाही त्यांनी अंथरुणातून तेच बजावले होते.

काही दिवसांनी पाऊस झाला, बाहेरचे कापड गळून गेले, आणि तिसऱ्या प्रहरी बारा मुखे उजळली. आबा खाली फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले. ही गोष्ट ते लेकीला वारंवार सांगत, आणि तिच्या शेवटी हटकून एक वाक्य येई: "जुन्या लोकांचं भाजणं असं होतं पोरी, की कापड सोडवल्यावर मी मुखावरून बोटं फिरवली, तर रंगाचा उंचवटा हाताला लागला नाही. काचेत मुरलेला. आपल्याला नाही जमायचं ते."

लेकीने ते जमवण्यासाठी ऐन उमेदीची वर्षे घालवली. तिचा रंग नेहमी हाताला लागे.

पुढे वर्षानुवर्षे मुखे मंदावत गेली. लोक म्हणत, काजळी. मेणबत्त्यांची, धुराड्यांची, गाड्यांची. लेकही तेच म्हणत होती. आबांची दृष्टी पुरती जाण्याआधी गुलाब एकदा स्वच्छ व्हावा, अशी तिची इच्छा होती. ती इच्छा विश्वस्तांच्या गळी उतरवता उतरवता दृष्टी गेली. तरी शेवटी परवानगी मिळाली. परांची चढली, तावदाने उतरली, आणि आबा त्या दिवसापासून रोज विचारू लागले, "मुखं निघाली का?"

कार्यशाळा कॅथीड्रलच्या मागे, दगड घडवणाऱ्यांच्या जुन्या पडवीत होती. एका भिंतीला शिशाच्या पट्ट्यांची भेंडोळी, दुसऱ्या भिंतीला रंगीत काचांचे कप्पे, मध्ये एक मेज, ज्याच्या काचेच्या पृष्ठाखाली दिवा होता. शिशाचे काम करणारा एक स्थूल, गप्पिष्ट गृहस्थ तेथे पुष्कळ वर्षे होता. त्याला सगळे शिसेबुवा म्हणत. पहिली पाकळी मेजावर ठेवून त्याने तिच्यावर फुंकर मारली.

"एवढी काजळी तर माझ्या सासऱ्यांच्या मनातसुद्धा नाही," तो म्हणाला.

"सासरे ऐकतील."

"ऐकू द्या. त्यांना वाटेल कौतुक चाललंय."

ताईने कापसाचे बोळे भिजवले आणि आतल्या अंगाने, मुखाच्या कपाळापासून आरंभ केला. काजळी सहज सुटली. तिच्याखाली फिकट काच होती, गुळगुळीत, निर्मळ. ती भुवईच्या जागी आली, नंतर डोळ्याच्या. काच तशीच स्वच्छ होत गेली. तिने दिवा मोठा केला. नाकाच्या जागी काही नव्हते. ओठांच्या जागी काही नव्हते.

"खोलवर असेल," शिसेबुवा म्हणाला. आबांचे वाक्य त्यालाही पाठ होते. "मुरलेला ना तो."

तिने पाकळी उलटी केली. बाहेरच्या अंगाला काजळी नव्हती. तेथे हवामानाने खरबडलेला एक पांढुरका थर होता. तिरपा उजेड पाडून, भिंग लावून तिने पाहिले. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात केसाएवढी एक तुटकी रेघ उरली होती. काळसर. भाजलेली. बोट लावताच ती पावडर होऊन तिच्या बोटाला लागली.

मग तिने कड पाहिली. दादांची खूण गुळगुळीत अंगाला होती. रंग दुसऱ्या अंगाला होता, म्हणजे, होता.

नंतर दोघांनी मिळून एकेक पाकळी मेजावर घेतली. दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी खूण एकीकडे, आणि दुसरीकडे पावसाने चाटून नेलेली काच. एकीच्या हनुवटीची कड शिल्लक होती. एकीच्या डोक्यावरच्या पदराची एक घडी होती. बाकी अंडाकृती, फिकट, कोरे.

सर्वांत खालची पाकळी शेवटी आली. तिच्यावरची काजळी पुसताच एका प्रौढ स्त्रीचे मुख वर आले: जड पापण्या, किंचित वाकडे नाक, हसण्याच्या बेतात असलेले आणि न हसलेले ओठ. रंग आतल्या अंगाला होता. खूणही त्याच अंगाला होती. बोट फिरवले तर प्रत्येक रेघ हाताला लागत होती.

"ही एकच सुलटी कशी?" शिसेबुवाने हलक्या आवाजात विचारले.

त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले. कॅथीड्रलच्या डागडुजीवर देखरेख करणारे स्थपती मोकळ्या मनाचे, सुशिक्षित आणि सज्जन गृहस्थ होते. त्यांनी तिला बाहेरच्या परांचीवर नेऊन गुलाबाभोवतीच्या दगडातली बुजवलेली भोके दाखवली. "ही परांचीच्या वाशांची," ते म्हणाले. "कधीतरी बाहेरून काम झालंय. आणि आत पाहा, फरशीवर घसरे आहेत. युद्धात या भिंतीला आतून ओंडक्यांचे टेकू दिले होते असं म्हातारी माणसं सांगतात. खालून वरपर्यंत. आत उभं राहायला जागाच नसणार."

"गायकांच्या सज्ज्यावरून खालची पाकळी हाताला लागते," ती म्हणाली.

"लागते की."

म्हणजे असे घडले होते. दादांनी अकरा पाकळ्या नाइलाजाने बाहेरून काढल्या, अधू पायाने त्या उंचीवर उभे राहून. बारावी, गायकांच्या सज्ज्यावर उभे राहून, आतून काढली. प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे आपल्या समोरच्या अंगाला खूण केली. धाकटा भाऊ परत आला की त्याला सांगू, असे त्यांच्या मनात असणार. टेकूचे ओंडके युद्धानंतरच्या पहिल्या थंडीत लोकांनी जाळले. आबा परतले तेव्हा आतली जागा मोकळी होती. दोघा भावांनी नियम पाळला होता. दोघांपैकी एकानेही थोडी जरी हयगय केली असती, तरी मुखे कदाचित वाचली असती.

आणि जो पाऊस बाहेरचे कापड धुऊन घेऊन गेला, ज्याने त्या दिवशी मुखे उजळवली, त्याच पावसाने त्यांना पहिला हात लावला होता.

"तुम्ही काढा की मुखं नव्यानं," स्थपती म्हणाले. "तुमचा हात उत्तम आहे. विश्वस्त हरकत घेणार नाहीत."

"मूळ कशी होती ते कुणाला ठाऊक आहे?"

"तुम्हाला. लहानपणापासून पाहताय ना?"

तिने आठवून पाहिले. दर आठवड्याला ती त्या बारा मुखांखाली बसली होती. तिला निळा आठवत होता, तांबडा आठवत होता, फरशीवर सरकणारा उजेड आठवत होता. मुखे काजळीआड आहेत, ती कुठे जातात, या भरवशावर तिने त्यांच्याकडे नीट कधी पाहिलेच नव्हते.

तरी तिने सुट्या काचेवर एक काढून पाहिले. उत्तम साधले. नाक सरळ, डोळे पाणीदार, ओठ रेखीव. शेजारी खालच्या पाकळीतली ती वाकड्या नाकाची स्त्री होती. दोघींकडे आळीपाळीने पाहिल्यावर ताईने आपण काढलेले मुख ओल्या फडक्याने पुसून टाकले. दुकानातल्या डब्यावर छापायला ते चांगले होते.

घरी आबा खिडकीपाशी बसत, कारण तेथे उजेड पडल्याचे त्यांना जाणवे.

"मुखं निघाली का?"

"निघतायत आबा."

"कशी आहेत?"

"छान आहेत."

"छान म्हणजे? हवामान छान असतं, पोरी. मुख कसं आहे?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. हे असे बरेच दिवस चालले. आबा जेवणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत, शिसेबुवाच्या पोटाची चौकशी करत, आणि मध्येच, सहज, मुखांविषयी विचारत. उत्तरे आखूड होत चालली होती. ते आंधळे होते, बहिरे नव्हते.

एके दुपारी ते म्हणाले, "मला एक पाकळी आणून दे. मांडीवर ठेव. डोळे गेले, हात तर आहेत."

"तुम्हीच सांगता ना, रंग हाताला लागत नाही म्हणून?"

"नाही लागला तर न लागो. काच तर लागेल. दादाच्या हातची खूण लागेल."

तिने विचार केला. अकरा कोऱ्या पाकळ्यांपैकी एक नेली, तरी आबांना काही कळणार नव्हते; त्यांना गुळगुळीत काच आणि खूण एकाच अंगाला लागली असती, जशी त्या वर्षी लागली होती, आणि त्यांचे समाधान अखंड राहिले असते. परंतु तसे करायला ती धजली नाही. कोरी काच वडिलांच्या मांडीवर ठेवून तिला मुख म्हणायचे, ही फसवणूक तिला फार उघडी वाटली. त्यापेक्षा खरे मुख न्यावे. एक तर आहे. ते खोटे तरी नाही. प्रामाणिक माणसाला खोटे बोलावे लागले, की तो ते शक्य तितक्या सत्याने बोलू पाहतो, आणि तेथेच सापडतो.

शिसेबुवाने खालची पाकळी मऊ कांबळ्यात गुंडाळून, तान्हे मूल आणावे तशी छातीशी धरून आणली.

"आबा, पाहुणी आणलीय," तो म्हणाला.

"बसव मग. चहा घेईल का विचार."

आबांनी हात पुसले. दोन वेळा पुसले. मग बोटे काचेवर टेकवली, आणि कडेपासून सावकाश आत आली. ती कपाळावर थांबली. भुवईवरून गेली. जड पापणीवरून, वाकड्या नाकावरून खाली ओठांपर्यंत आली, आणि तेथून परत वर गेली. त्यांच्या मुद्रेवर प्रथम जो आनंद आला, तो लेकीने पाहिला. पुढे कधी ती घटना आठवली, की तिला तेवढाच क्षण थांबवून धरावासा वाटे.

"नाक वाकडं आहे हिचं," ते हसत म्हणाले. "बघ, आई आहे की नाही कुणाची. संतांची नाकं सरळ असतात."

"हो."

बोटे पुन्हा ओठांवर आली, आणि या वेळी तेथेच राहिली.

"हाताला लागतोय," आबा म्हणाले.

बोट ओठांच्या रेघेवरून एकदा मागे-पुढे फिरले.

"रंग हाताला लागतोय, पोरी. ही खालची पाकळी ना? सुताराने लावलेली. हिला मी हात लावला नव्हता." त्यांचा अंगठा कडेवर गेला, खूण सापडली, तेथून पुन्हा मुखावर आला. एकाच अंगाला खूण, एकाच अंगाला रंग. असे व्हायलाच हवे. आणि इतकी वर्षे ते जिची थोरवी गात आले होते, ती गुळगुळीत काच त्यांच्या बोटांना आठवत असणार. शिसेबुवाने मान खाली घातली.

"बाकीच्यांचा लागला नव्हता," आबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "मला वाटलं, मुरलाय."

"आबा..."

"मी कोऱ्या अंगाला हात फिरवत होतो."

लेकीने त्यांच्या मांडीवरची पाकळी उचलायला हात पुढे केला. त्यांनी ती सोडली नाही.

"दादाने बाहेरून काढल्या?"

"हो. आत टेकू होते. जागा नव्हती."

"त्या पायाने?"

"हो."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. नंतर ते म्हणाले, "काही उरलंय का?"

"एका हनुवटीची कड. एका पदराची घडी."

"बास?"

"बास."

"तू मला खोटं सांगत होतीस."

"हो."

"चांगलं सांगत नव्हतीस," ते म्हणाले. "तुला येत नाही ते." त्या वाक्यात रोष नव्हता. काहीच नव्हते. तिला वाटले, त्यांनी ओरडावे, पाकळी फेकावी, दादांना दोष द्यावा, तिला द्यावा. त्यांनी फक्त पाकळीवरचे आपल्या बोटांचे ठसे आपल्याच बाहीने पुसले.

"दादा चुकला असं कुणाला म्हणू देऊ नकोस," ते म्हणाले.

"मग तुम्ही चुकलात असंही म्हणू देणार नाही."

"कुणीतरी चुकलंच असेल ना, पोरी. शेकडो वर्षं लोकांनी दगड वर चढवला. दोन पोरं छतावरून पडून मेली. ते सगळं या बारा बायकांसाठी. कुणीच चुकलं नाही आणि त्या गेल्या, असं कसं सांगायचं त्यांना?"

शिसेबुवा पाकळी घेऊन गेला तेव्हा दारात त्याने वळून काहीतरी विनोद करण्याचा यत्न केला, आणि त्याला तो आठवला नाही.

त्यानंतर आबांनी मुखांचे नाव काढले नाही. मिठाविषयी कुरकुरणेही थांबले. पुढ्यात येईल ते खात, आणि खिडकीपाशी बसत. पण खुर्ची त्यांनी भिंतीकडे वळवून घेतली होती. नातलग म्हणाले, वय झाले. लेकीने कुणाला काही सांगितले नाही. रोज सकाळी ती खुर्ची खिडकीकडे वळवून कामाला जाई, आणि संध्याकाळी ती पुन्हा भिंतीकडे वळलेली असे.

विश्वस्तांनी ठरवले की मुखे आहेत तशी ठेवावीत, पाकळ्या सुलट्या अंगाने लावाव्यात, आणि बाहेरून संरक्षक साधी काच बसवावी, म्हणजे पाऊस लागणार नाही. आता न लागला तरी काय, हे कुणी बोलले नाही. शेवटच्या दिवशी ताईने आबांना कोट घातला आणि हाताला धरून कॅथीड्रलमध्ये नेले. ते नको म्हणाले नाहीत. टेकायला पाठ असलेल्या बाकावर तिने त्यांना बसवले आणि ती सज्ज्यावर गेली.

खालची पाकळी राहिली होती. शिसेबुवाने ती तिच्या हाती दिली. सवयीने, काम करणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी बसलेले ते वाक्य त्याच्या ओठांवर आले. "ताई, खूण आप..." आणि तो मध्येच थांबला.

"मुख आपल्याकडे," ती म्हणाली. नियम दुरुस्त झाला होता. त्याने वाचवावे असे आता फारसे काही उरले नव्हते.

ती खाली आली तेव्हा माणसे जमली होती. दर्शनी भिंतीवरचे ऊन तिसऱ्या प्रहरी गुलाबातून आत शिरले आणि निळा-तांबडा उजेड फरशीवरून सरकत बाकांकडे येऊ लागला. त्या रंगात अकरा फिकट, रिकामे, अंडाकृती ठिपके होते. वर खांब उंच गेले होते, त्यांच्यापासून फासळ्या फुटून छतात एकमेकींना भेटल्या होत्या, आणि बाहेर त्या झेपावत्या कमानी अजून भिंतीचे दंड धरून उभ्या होत्या. सारा दगड आपले काम करीत होता.

ती वडिलांजवळ बसली.

"ऊन आलं का?" आबांनी विचारले.

"आलं."

"कुठवर?"

"तुमच्या गुडघ्यापर्यंत."

त्यांनी हात उघडून गुडघ्यावर ठेवला. तळव्यावर निळा पडला, आणि निळ्यात एक फिकट ठिपका.

"लोक काय म्हणतायत?"

तिने कान दिला. पुढच्या बाकावर एक बाई शेजारणीला सांगत होती. "म्हणतायत, किती स्वच्छ झालंय."

आबांनी मान हलवली. उघडलेला हात हळूहळू मिटला, आणि मिटलेला तसाच उन्हात राहिला. ऊन त्यांच्या छातीपर्यंत चढले, पुढे बाकावरून उतरून मागच्या भिंतीकडे गेले. ती दोघे उठली नाहीत.

ज्याने त्या उंचीवर अधू पायाने उभे राहून खूण कोरली, त्याला विसावा मिळो. ज्याने ती खूण भावाचा शब्द मानून पाळली, त्याच्या हातांना विसावा मिळो. जिला हे सारे पाहावे लागले, तिच्या डोळ्यांना झोप लाभो. आणि जी मुखे आता कुणीही ओळखणार नाही, ती ज्यांची होती त्या आयांनी, त्या कुणीही असोत, या तिघांना आपली लेकरे म्हणून पदराखाली घ्यावे.